रुखवताची ट्रंक आणि निकालाचा दिवा

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

सासुरवाडीहून, म्हणजे मलकापूरच्या पलीकडून, आत्ताच सांगलीत परत. आज इतिहास घडला, म्हणून ही रोजनिशी सुरू.

जेवताना सासऱ्यांनी, म्हणजे आप्पासोंनी, गेल्या जत्रेतल्या बैलगाडा शर्यतीची गोष्ट पुन्हा काढली. फायनलला त्यांची जोडी, पाखऱ्या आणि मेजर, नाथाजीच्या जोडीबरोबर रेषेवर आली. फरक एका शिंगाचा. झेंडा पंच यल्लाप्पांनी झेंडा नाथाजीच्या बाजूला टाकला. सासरे म्हणाले, शिंग माजं फुडं हुतं, यल्लाप्पाच्या डोळ्यात धुरळा गेलता. वर्षभर हेच वाक्य चालू आहे. आता मेजरचं वय झालंय. यंदाची चैत्रातली जत्रा त्याची शेवटची. पहिल्या नंबरची ढाल मिळवूनच त्याला दावणीला बसवायचा, हे सासऱ्यांच्या मनात पक्कं आहे.

मी भाकरी खाली ठेवली आणि म्हणालो, यंदा कुणाच्या डोळ्यावर विसंबायचं कारण नाही. मी इलेक्ट्रॉनिक फिनिश लाइन करून देतो. दोन पट्टे, दोन किरण, दोन दिवे. ज्या पट्ट्यातला किरण आधी तुटेल त्या पट्ट्याचा दिवा लागेल. विषय संपला.

सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या ताटात भाकरी वाढली. लग्न झाल्यापासून ते मला दोनच प्रश्न विचारत आलेत. पाव्हणं, कवा आलासा? आणि पाव्हणं, बस कवा हाय? थोरला जावई मिलिटरीत. त्याच्याबद्दल चावडीवर 'आमचा जावई' असं म्हणतात. मला पाव्हणं. यंदा मलाही जावई म्हणतील.

संकल्प: महिनाअखेर सर्किट बोर्ड तयार. शेवटी डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्स आहे मी. (एक विषय सोडून.)

४ फेब्रुवारी

ऑफिसात जावक विभागात काम कमी होतं. म्हणजे रोजच्याइतकंच. सर्किटचा नकाशा काढला. देखणा आलाय. डावीकडे डाव्या दिव्याची तार, उजवीकडे उजव्याची, मध्ये चिप. साहेबांनी विचारलं हे काय, मी म्हणालो जावक.

संध्याकाळी स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, एवढ्याला बोर्ड कशाला बनवताय, झिरो पीसीबी येतो, तयार भोकांचा, त्यावर तारा जोडा, एका बैठकीत होईल. नाहीतर ऑनलाइन ऑर्डर करा, घरपोच येतो. मी नुसता हसलो. तारांची गुंतवळ घेऊन सासऱ्यांपुढे उभा राहू? आणि विकत आणलेला बोर्ड दाखवून 'मी केला' म्हणू? मी तसला माणूस नाही.

पद्धत ठरली. तांब्याचा पातळ थर असलेल्या बोर्डावर निळी फिल्म चिकटवायची. त्यावर नकाशाची पारदर्शक प्रिंट ठेवून यूव्ही प्रकाश द्यायचा. प्रकाश लागला तिथली फिल्म घट्ट होते, बाकीची सोड्याच्या पाण्यात धुऊन जाते. मग फेरिक क्लोराइड उघडं तांबं खाऊन टाकतं आणि नकाशाच्या रेषा तेवढ्या उरतात. त्यासाठी हवा एक्स्पोजर बॉक्स. तो आधी करतो. दोन संध्याकाळचं काम.

९ फेब्रुवारी

बॉक्ससाठी पेटी सापडली. समीक्षाच्या, म्हणजे बायकोच्या, रुखवतात आलेली स्टीलची ट्रंक. आतून चकचकीत, प्रकाश चहूकडून परतेल. झाकणावर 'चि. सौ. कां. समीक्षा' असं खिळ्याने टोचून लिहिलंय, त्याचा तांत्रिकदृष्ट्या त्रास नाही. आतल्या साड्या तात्पुरत्या सोफ्यावर ठेवल्या.

समीक्षा म्हणाली, अहो, सोफ्यावर बसायचं कुणी? मी म्हणालो, तुझ्याच वडिलांसाठी चाललंय.

१३ फेब्रुवारी

ऑनलाइन मागवलेले यूव्ही दिवे आले. लावून पाहिले. जांभळे, आणि आपोआप नाचतात. गणपतीच्या डेकोरेशनचे निघाले. परत पाठवायला पाकीट शोधतोय, फाडून टाकलंय.

१६ फेब्रुवारी, सकाळी

युरेका. पुढच्या खोलीत समीक्षाचं पार्लर आहे. तिथे नखांचं जेल वाळवायचा दिवा असतो. तो यूव्हीच! इतकी वर्षं माझ्या घरात प्रयोगशाळा होती आणि मला पत्ता नव्हता. दिवा खोलून ट्रंकेच्या तळाशी बसवला.

त्याच दिवशी, दुपारी

अंकिता नावाची कुणी नवरीमुलगी दहाही बोटांना ओलं जेल लावून बसली होती. समीक्षा दिवा घ्यायला आत आली. दिवा नव्हता, म्हणजे होता, पण ट्रंकेत स्क्रूने. अंकिता भावाच्या स्कूटरवर मागे बसून दोन्ही हात पुढे पसरून घरी गेली. विश्रामबागेतल्या लोकांनी वळून वळून पाहिलं म्हणे. लोकांना काहीही पुरतं.

समीक्षाने नवा दिवा मागवला. माझ्याशी बोलणं बंद केलंय. एकाग्रतेच्या दृष्टीने बरंच झालं.

२३ फेब्रुवारी

बॉक्स रोज प्रगती करतोय. स्वयंपाकघरातला फॉइल आतून लावला. गरम होऊ नये म्हणून फॅन बसवला. झाकण उघडलं की दिवा बंद होतो, बंद केलं की माझ्याच आवाजात रेकॉर्ड केलेलं वाजतं: सावधान, एक्स्पोजर सुरू होत आहे. हे फार आवश्यक होतं.

प्रिंट बोर्डाला घट्ट दाबून बसायला काच पाहिजे. आपल्या लग्नाच्या फोटोची बरोब्बर मापाची निघाली. काचेवर वजन म्हणून वरवंटा. चटणी काही दिवस मिक्सरमध्ये होईल.

महिनाअखेर बोर्ड तयार करायचा होता. पण बॉक्स तयार असणं हाच खरा बोर्ड तयार असणं आहे. बाकी फॉरमॅलिटी.

२ मार्च

पहिला प्रयोग. फिल्म सगळी धुऊन गेली. प्रकाश कमी पडला.

दुसरा प्रयोग. फिल्म जागची हलेना. प्रकाश जास्त झाला.

तिसरा प्रयोग. जेवायला बसलो, विसरलो. पुन्हा जास्त.

९ मार्च

फिल्मला साधा उजेड चालत नाही, म्हणून बाथरूममध्ये बस्तान हलवलं. खिडकीला समीक्षाची पिवळी साडी लावली. पिवळ्या उजेडात फिल्म सुरक्षित राहते. बाहेर पार्लरच्या दोन बायका थांबल्या होत्या, त्यांना बाथरूममधून माझा आवाज ऐकू आला: सावधान, एक्स्पोजर सुरू होत आहे. त्या परत आल्या नाहीत.

फिल्म अजूनही धुतली जात नाही. सोडा टाकून टाकून कंटाळलो. समीक्षाने दाराच्या फटीतून पाहिलं आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा बोलली. म्हणाली, हा खायचा सोडा आहे. धुण्याचा वेगळा येतो.

मला माहीत होतं. तुलना म्हणून आधी खायचा वापरून पाहत होतो.

१४ मार्च, धुळवड

फेरिक क्लोराइड सांडलं. तपकिरी डाग निघत नाही. बाथरूमची फरशी, माझे दोन्ही हात, पिवळी साडी. आणि काच काढलेला लग्नाचा फोटो भिंतीला टेकवून ठेवला होता, त्यात नेमका माझा चेहरा. समीक्षा स्वच्छ आहे. ती म्हणाली, राहू दे असाच, टांगते.

आज धुळवड असल्यामुळे बाहेर हातांचं कुणाला काही वाटलं नाही.

१९ मार्च

सासऱ्यांचा फोन. स्वतः केला! म्हणाले, पाव्हणं, कमिटीची मीटिंग झाली. यंदाची फायनल यंत्रावर. नाथाजी लय आडवा लागला हुता, म्या म्हनलं, यंत्राचा निकाल शेवटचा, मग कुनाचंबी काय चालायचं न्हाई. माजा शब्द हाय, म्हनलं. ठराव झाला. गट आणि सेमीला यल्लाप्पांचा झेंडा, फायनलला यंत्र. फायनलपुरता झेंडा कमिटीकडे जमा करायचा.

मग विचारलं, चालतंय न्हवं यंत्र?

मी म्हणालो, पळतंय.

फोन ठेवून ट्रंक उघडून पाहिली, आत बोर्ड नव्हता. 'पळतंय' हे भविष्यकाळी धरावं.

२३ मार्च

आता दोष फक्त प्रिंटचा उरला होता. माझ्या प्रिंटरचा काळा रंग फिका. म्हणून मारुती चौकाकडे साईराजच्या दुकानात गेलो. तो लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स करतो. त्याच्या मशीनचा काळा म्हणजे डांबर. मी फाइल दिली, म्हणालो, काळजी घे, फार महत्त्वाचं आहे. तो म्हणाला, काका, तुमी निर्धास्त जावा. प्रिंट गुंडाळून दिली, मी उलगडून पाहिलीसुद्धा नाही. माणसावर विश्वास टाकता आला पाहिजे.

घरी येऊन एक्स्पोजर दिलं, धुण्याच्या सोड्यात धुतलं, फेरिकमध्ये घातलं. निघालं! रेषा अशा धारदार की बघत राहावं. सर्वांत वर, तांब्यात, वेलांटीसकट स्पष्ट अक्षरं:

॥ श्री कुलस्वामी प्रसन्न ॥

आणि खाली, शुभेच्छुक : समस्त मित्रपरिवार.

२४ मार्च

साईराजकडे जाऊन ओरडलो. तो म्हणाला, काका, महत्त्वाचं हाय म्हनलासा, आनी वर मोकळं दिसत हुतं. देवाचं नाव घातल्याबिगर आमी काय बाहेर सोडत न्हाई. काळ्यावर पांढरं लय उठून दिसतंय बगा.

उठून दिसतं हे खरं आहे. अडचण अशी की ओळीची शिरोरेखा नेमकी प्लस आणि मायनस दोन्हींवरून आडवी गेलीय. वीज जोडली तेव्हा कुलस्वामीतून धूर आला.

तरीही निष्कर्ष: बॉक्स यशस्वी. फक्त मजकूर चुकला.

३० मार्च, गुढीपाडवा

साडेतीन मुहूर्तांपैकी एक. आज नवी प्रिंट, देवाचं नाव नाही, शुभेच्छुक नाहीत. गुढी उभारली आणि थेट बाथरूममध्ये. श्रीखंडाच्या आधी बोर्ड हातात. निर्दोष.

संध्याकाळी

एक बारीक गोष्ट. प्रिंट पालथी ठेवली गेली. त्यामुळे बोर्ड आरशात दिसतो तसा आलाय, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. कोपऱ्यात माझं नाव होतं, तेही उलटं.

फिल्म संपलीय. नवी यायला वेळ लागेल. पण खरा इंजिनियर इथेच कळतो. चिप आणि बाकीचे पार्ट मागच्या बाजूऐवजी पुढच्या बाजूने लावले की सगळं जुळतं. आरशात बघून आपण रोज दाढी करतोच की. वीज तीच, तांबं तेच.

६ एप्रिल

सेन्सरच्या तारा बोर्डावर बघून जोडल्या. दिव्यांच्या तारा कागदावरच्या नकाशावरून. नकाशा मीच काढलाय, त्यात चूक असणं शक्य नाही.

जेवणाच्या टेबलापाशी चाचणी. समीक्षा समोर बसली होती. मी डावा किरण तोडत चालत गेलो. बझर वाजला, दिवा लागला! मी हात वर करून ओरडलो.

समीक्षा म्हणाली, तुम्ही डावीकडून गेलात, लागला उजवीकडचा.

मी तिला शांतपणे समजावलं की ती माझ्या समोर बसली आहे, त्यामुळे तिला सगळं उलटं दिसतं. तिने उठून माझ्या बाजूला येऊन बघायची तयारी दाखवली, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी यंत्र भरून ठेवलं. कोणता लागला हे गौण. लागला हे महत्त्वाचं.

१९ एप्रिल, सासुरवाडी

यंत्र मैदानावर बसवलं. लाकडी खोक्यात बोर्ड, वर दोन मोठे लाल दिवे, एक डाव्या खांबावर, एक उजव्या. गाव बघायला लोटलं. चाचणी सुरू करताच एक कुत्रं रेषेवरून पळालं, बझर वाजला, दिवा लागला. टाळ्या! कुत्रं कोणत्या पट्ट्यातून गेलं ते गर्दीत दिसलं नाही.

यल्लाप्पा लांब उभे होते. मला म्हणाले, झेंडा धुऊन, घडी घालून आनलाय सायेब. तुमचं काय आडलंच तर आसावा जवळ. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, मामा, आता विश्रांती घ्या. घडी केलेला झेंडा त्यांनी काखेत धरला.

सासरे गोठ्यात मेजरला खरारा करत होते. त्याच्या कानाशी म्हणाले, उद्या काय फसवाफसवी न्हाई गड्या. यंत्र हाय. मला भरून आलं. खरंच आलं.

२० एप्रिल, रविवार. जत्रा

लिहवत नाही. तरी शास्त्रज्ञाने नोंद ठेवली पाहिजे.

फायनलच्या आधी समालोचकाने मला माईक दिला. मी म्हणालो, यंत्राला गाव नसतं, भाऊबंद नसतात, यंत्राच्या डोळ्यात धुरळा जात नाही. शिट्ट्या पडल्या. यल्लाप्पांनी ठरल्याप्रमाणे झेंडा कमिटीच्या टेबलावर ठेवला.

डाव्या पट्ट्यात पाखऱ्या-मेजर, उजव्यात नाथाजीची जोडी. गाडे सुटले. अर्ध्या मैदानातच सगळं ठरलं. मेजर असा पळाला की नाथाजीची जोडी चांगली गाडाभर मागे राहिली. यंत्राची गरजच नव्हती. आंधळ्यालाही नुसत्या आवाजावरून निकाल देता आला असता. मी रेषेकडे धावलो, कारण आता सासरे मला मिठी मारणार होते.

बझर वाजला. उजवा दिवा लागला.

समालोचक 'मेजरनं मैदान मा' इथेच थांबला. यल्लाप्पांचा हात सवयीने डाव्या बाजूला वर गेला होता. झेंडा नव्हता, नुसता हात. तो तसाच वर राहिला.

सगळं मैदान त्या दिव्याकडे बघत होतं, मग माझ्याकडे. आधी बोलला तो नाथाजी. म्हणाला, आवं आप्पा, ह्ये काय खरं न्हवं. तुमीच फुडं हुता, समद्या गावानं बगितलं. कमिटीवाले म्हणाले, दिवा राहू द्या, ढाल आप्पांना द्या.

मी बोलायला तोंड उघडलं. डावं-उजवं माझ्या डोक्यात तेव्हाच फिरायला लागलं होतं. पण सासऱ्यांनी हात वर केला आणि माईक मागून घेतला. म्हणाले, ठराव म्या केलाय. यंत्राचा निकाल शेवटचा, आसा शब्द दिलाय. आता माजी बैलं हाईत म्हनून शब्द फिरवू व्हय? आनी माज्या जावयाचं यंत्र हाय त्ये. त्ये खोटं बोलंल व्हय?

माज्या जावयाचं. माईकवर. अख्ख्या जत्रेत. चारी भोंग्यांतून.

मी तोंड मिटलं.

ढाल नाथाजी घेईना. सासऱ्यांनी ती त्याच्या हातात जवळजवळ कोंबली. मग मेजरपाशी गेले आणि त्याच्या घामेजल्या मानेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. त्याला काय कळणार, तो जिंकल्यासारखा फुरफुरत होता. मला फार वाईट वाटलं. बसमध्ये कासेगाव येईपर्यंत वाटत होतं, नंतरही.

पण विचार केला तर मी तेव्हा बोललो असतो तर सासरे खोटे पडले असते. मोठ्या माणसाचा मान राखणं हेही एक कामच आहे.

२१ एप्रिल

कारण सापडलं. बोर्ड आरशातला, नकाशा सरळ. मी दिव्यांच्या तारा नकाशावरून जोडल्या, म्हणून दिवे उलटे. म्हणजे यंत्र पूर्णपणे अचूक होतं, फक्त बाजू चुकल्या. समीक्षाला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, मी विचारलं होतं. आणि आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मेजर लहान असताना तिनेच त्याला बाटलीने दूध पाजलं होतं, हे मला आज कळलं.

२५ एप्रिल

एक्स्पोजर बॉक्स पुढच्या खोलीत गेला. ट्रंकेत चार बायकांचे हात एका वेळी मावतात, जेल चटकन वाळतं. समीक्षाने बॉक्समधलं रेकॉर्डिंग मात्र बदललं. आता तिचा आवाज येतो: ताई, हात हलवू नका. अंकितासुद्धा परत आली. मान्यता मिळायला वेळ लागतो, एवढंच.

वरवंटा स्वयंपाकघरात परत. फोटो अजून काचेविना.

२७ एप्रिल, रविवार

धीर करून सासऱ्यांना फोन केला. म्हणालो, आप्पा, एक तांत्रिक बाब सांगायची आहे. बोर्ड उलटा आल्यामुळे डावं आणि उजवं...

ते म्हणाले, ठावं हाय. तवाच कळलं. म्या काय आंधळा हाय व्हय?

मी विचारलं, मग बोलला का नाही?

मागे मेजरच्या गळ्यातली घंटा वाजत होती. मग म्हणाले, चारचौघात जावयाला काय बोलायचं. मेजर बरा हाय, वैरण खातोय. फुडल्या जत्रंला जरूर या पाव्हणं. खरं, येताना रिकाम्या हातानं या.

पुन्हा पाव्हणं. पण माणूस किती मोठ्या मनाचा. साधं पेढ्याचं पुडकंसुद्धा नको म्हणतात.